मूठ न पोचलेला कोपरा

घरात सून आली तेव्हापासून त्यांना सगळेच मामंजी म्हणायला लागले. सुनेने म्हणणं ठीक, पण ज्याच्याशी कसलंच नातं नाही तो ट्रॅक्टरवालाही म्हणायचा. मामंजींना ते आवडायचं, पण तसं तोंडावर दाखवतील तर ते मामंजी कसले!

तर या मामंजींचं शेत हिवाळ्यात कसं असायचं? साफ. मका निघाला की नांगरट, आणि मग पेरणीपर्यंत काळीभोर जमीन, गवताची काडी दिसायची नाही. जाणारा-येणारा म्हणायचा, "काय शेत ठेवलंय!" त्यातच मामंजींचा हिवाळा सुखात जायचा. अशा माणसाच्या घरामागच्या शेतात सुनेने ऐन थंडीच्या तोंडावर ओट आणि वाटाणा पेरायचा म्हटल्यावर काय होणार?

"पेरायचं, आणि कापून गाडून टाकायचं? जनावरांनाही घालायचं नाही? मग पेरायचं कशाला?"

"जमिनीला खायला, मामंजी."

"जमिनीला खायला मी युरिया देतो की! उपाशी ठेवलंय का मी तिला?"

सून हसली, पण मागे हटली नाही. थंडीभर उघडी पडलेली जमीन आपला नत्र पावसाच्या पाण्याबरोबर खाली घालवून बसते, तो ओट मुळांत धरून ठेवतात, वाटाणा तर हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत साठवतो, आणि हे सगळं गाडलं की पुढच्या मक्याला युरिया कमी लागतो, असं तिचं म्हणणं. माहेरी तिने हे केलेलं होतं. मामंजींनी मनात म्हटलं, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण सुनेवर त्यांचा जीव होता. मुलगा शहरात पंप दुरुस्त करायचा, सुट्टीला यायचा आणि दोघांच्याही म्हणण्याला मान डोलवून परत जायचा. शेतीत जीव ओतायची ती हीच.

शेवटी मामंजींनी शर्त घातली. "मागचं शेत तुझं. निम्म्या युरियावर मका बाकीच्या शेतांच्या तोडीस तोड उभा राहिला, तर पुढच्या वर्षापासून सगळी शेती तुझ्या म्हणण्याने. नाही राहिला, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

"कबूल," सून म्हणाली. खताच्या खोलीची किल्ली मामंजींच्या कमरेलाच राहिली. ती म्हणे आंघोळीलाही सुटत नसे.

हिवाळा चांगला गेला. मागचं शेत असं हिरवं झालं की मामंजी चोरून खिडकीतून बघायचे. पण सरत्या थंडीत पाऊस लागला तो उघडेना. शेतात पाय घालायची सोय नाही, आणि ओट इकडे वाढताहेत, वाढताहेत, कमरेएवढे होऊन चांगले जून झाले. उघडीप मिळाल्यावर सुनेने सगळं कापून गाडलं, पुढे मका पेरला, निम्मा युरिया दिला. मका उगवला झकास. आणि मग पडायला लागला पिवळा.

बाकीची शेतं गर्द हिरवी, आणि घरामागे हा फिकट तुकडा, तोही रस्त्यावरून दिसणारा! ट्रॅक्टरवाल्याने कुंपणाशी गाडी उभी करून विचारलं, "मामंजी, शेताला कावीळ झाली काय?"

"तुझ्या ट्रॅक्टरचा धूर लागला त्याला! चल, पुढे हो!" मामंजी कडाडले. सुनेला आपण हवं ते बोलू, पण बाहेरच्याने बोलायचं काम नाही.

सून म्हणाली, "ओट जून झाले, मामंजी, तिथे चुकलं. ते काड कुजवायला मातीतले जीवजंतू नत्र ओढून घेतात. काड कुजलं की परत सोडतात. थोडा धीर धरा."

"रोप पिवळं पडल्यावर धीर धरतात होय गं? आजाऱ्याला औषध देतात."

"थोडेच दिवस," ती म्हणाली. तोंडाने म्हणाली खरी. पण एका सकाळी मामंजी मागच्या दाराशी आले, तर ती बांधावर पाठमोरी उभी होती आणि बाहीने डोळे पुसत होती. ते तसेच पाऊल न वाजवता मागे फिरले. चहा तसाच निवला. कशाला घातली आपण ती शर्त? कोणाला काय शिकवायचं होतं?

त्याच आठवड्यात सुनेच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि सून माहेरी गेली. जाताना बजावून गेली, "मामंजी, शेताला काही करू नका हं."

"मी कशाला काय करतोय!" मामंजी म्हणाले, आणि त्या क्षणी ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. आता पाऊस पडणार, युरिया टाकायला याहून चांगली वेळ नाही, हे चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांच्या हातांना आधी कळलं. खोली उघडली, गोणी फोडली, बादली काखेला मारली आणि डाव्या हाताने मुठी फेकत ते ओळींमधून चालायला लागले. "पोरीला रडवतोस काय रे," असं मक्याला दटावतही होते. पण वय झालं होतं. पंपाच्या खोलीजवळचा कोपरा राहिला तेवढ्यात खांद्यातून अशी कळ आली की बादली खाली ठेवावी लागली. पाऊस सुरू झाला. उरलेलं उद्या, असं म्हणून ते घरी आले. उद्या काही तो हात वर झाला नाही.

सून परतली तोवर मका हिरवागार. ती पिशवी ओट्यावर टाकून तशीच शेतात धावली. "बघितलंत, मामंजी? म्हटलं नव्हतं मी?" किती दिवसांनी अशी हसत होती!

"हं," मामंजी म्हणाले. "बरं दिसतंय."

"तो पंपाजवळचा कोपरा तेवढा मागे राहिला. तिथे पाणी साचलं असेल."

"असेल, असेल." चोराच्या मनात चांदणं! मामंजींनी नजर चुकवली ती चुकवलीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प बसले. पोरगी खुशीत आहे, आपली जीभ आपण आवरली तर कोणाचं काय बिघडतंय?

बिघडणार होतं ते त्यांना एका सकाळी कळलं. सून फोनवर बियाणेवाल्याशी बोलत होती. "हो, सगळ्या शेतांना पुरेल एवढं ओट आणि वाटाणा. आणि दादा, पुढच्या वर्षी युरिया आम्हाला निम्माच लागेल."

मामंजींच्या डोळ्यांपुढे सगळी शेतं पिवळी उभी राहिली. आपल्या मुठीवर विसंबून पोरगी अख्खी शेती डावाला लावत होती.

"फोन ठेव," ते म्हणाले.

"अहो, पण..."

"ठेव म्हणतो ना! मी युरिया टाकला. तू आईकडे गेली होतीस तेव्हा."

तिने फोन ठेवला. त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "का?"

"तू रडत होतीस."

"मी रडले म्हणून मक्याला युरिया?" तिचा आवाज चढला. "अहो मामंजी, मी हरले असते तरी चाललं असतं! का हरले ते तरी कळलं असतं. आता मी जिंकलेही नाही आणि हरलेही नाही. माझं अख्खं वर्ष गेलं. मला दया नको होती तुमची. भरवसा हवा होता."

ज्याचं करावं भलं, हे मामंजींच्या ओठावर आलं होतं, पण ते गिळण्याइतकी अक्कल त्यांना होती. त्यानंतर घरात फक्त भांडी वाजायची. मुलगा सुट्टीला आला, दोघांची तोंडं बघून म्हणाला, "कोणी गेलं का?" आणि कोणीच हसलं नाही.

मामंजी मात्र रोज सकाळी पंपाजवळच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. एवढा एक तुकडा खरा होता. त्यांच्या मुठीचा एक दाणाही तिथे पडलेला नव्हता. शेताला ज्यांनी कायम दटावलं, ते मामंजी त्या रोपांची चक्क मनधरणी करायचे. "अरे, हो की हिरवा. तिच्यासाठी तरी हो."

आणि हळूहळू मधली नवी पानं गडद यायला लागली. आधी त्यांना वाटलं, डोळे फसवताहेत. मग तुरे यायच्या सुमारास एका सकाळी ते गेले, तर सून आधीच तिथे उकिडवी बसलेली. हातात खुरपं. तिने माती उकरून ओटाचं काड बाहेर काढलं आणि बोटांत चुरलं. भुगा झाला. वर मका बाकीच्या शेताच्या बरोबरीने उभा होता.

मान वर न करता तिने विचारलं, "इथे खरंच टाकला नाहीत?"

"खांदा गेला होता. हे बघ, अजून जात नाही वर." त्यांनी डावा हात उचलून दाखवला. तो कानापर्यंत गेला आणि अडकला. तिने त्या हाताकडे बघितलं, आणि तिला ते पटलं.

"मग जिंकलीस तू!" मामंजी म्हणाले. "अगं, धीर धरला असता तर सगळं शेत असंच झालं असतं. मीच माती केली. शेती तुझी, मी शब्द देतो."

"एका कोपऱ्यावरून शेती ठरवत नाहीत, मामंजी. पुढच्या वर्षी हेच शेत, हीच शर्त. ओट कोवळे असताना कापायचे." ती उठली, हात झटकले आणि मातीचा तळवा त्यांच्यापुढे धरला. "तेवढी किल्ली द्या."

मामंजी कमरेची गाठ सोडायला लागले. जुनी गाठ, त्यात एक हात अधू. सुटता सुटेना. तिने मदत केली नाही. घाईही केली नाही. शेवटी सुटली तेव्हा त्यांनी किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं आपल्या हाताने मिटवली.

"चला, खांदा शेकून देते," ती म्हणाली. दोघं बांधावरून घराकडे निघाली. मामंजींचा हात सवयीने कमरेकडे गेला आणि रिकामाच परत आला.

"आणि मामंजी," पुढे चालता चालता ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी रडले, तर रडू द्या."