मोरीचं पाणी

आजीची अंगठी प्लास्टिकच्या डबीत पडली होती, साबणाचा फेस अंगावर तसाच – आणि ती काढताना नातीनं साधं विचारलंसुद्धा नव्हतं. बोट धरलं, साबण चोळला, पिरगाळून ओढली, की झालं! हे गेले तरी जी बोटावरून हलली नाही, ती या पोरीनं तुटक्या बटणासारखी टाकून दिली. वर म्हणते, "आजी, नियम म्हणजे नियम." नियम! हिला बोट धरून चालायला शिकवलं कोणी?

आणि आता एमआरआयच्या बोगद्यात उताणं निजायचं, डोक्याभोवती पिंजरा, बाहेर कुणी रिकामं पिंप बडवत असल्यासारखा ठणठणाट. हलायचं नाही, ते एक वेळ जमेल. पण बोलायचंही नाही... आजीला गप्प करणं तिच्या सासूलाही जमलं नव्हतं. नातीला अभ्यासासाठी निरोगी म्हातारी माणसं हवी होती, मेंदूतल्या शिरा बघायला, आणि आजीच सगळ्यांदेखत म्हणाली होती, "माझ्याइतकी ठणठणीत कोण मिळणार तुला?" फुशारकी नडली. कारण सकाळपासून ती या पोरीला नुसतं 'अगं' म्हणत होती. पोर पाळण्यात असताना आपणच हौसेनं ठेवलेलं लाडाचं नाव – आपणच – जिभेवर येत नव्हतं. परवाही असंच झालं होतं, चांगले दोन तास... आणि आता हे यंत्र आत डोकावणार. कोनाडा रिकामा दिसला तर?

"आजी, बरी आहेस ना?" वरून कुठूनसा नातीचा आवाज आला.

तिनं मान डोलावली. बोलायचं नाही म्हटल्यावर माणसानं करावं काय?

"हललीस! सगळं पुसट आलं. आता पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा ठणठणाट. मग एकदाचं बाहेर, पडद्यासमोरच्या खुर्चीत. करड्या चित्रात पानाच्या पाठीवर असतात तशा बारीक काळ्या रेघा.

"या काळ्या का गं?"

"मेंदूनं प्राणवायू वापरून घेतला ना, की परत निघालेलं रक्त असं काळं उमटतं. आत काय येतं ते सगळेच बघतात. मी बाहेर काय जातं ते बघते."

हे मात्र आजीला शिकवावं लागलं नाही. घरात काय शिजलं, काय करपलं, ते मोरीचं पाणी सांगतं. सूनबाईचं लागलेलं दूध तिनं तसंच तर पकडलं होतं.

"यात... विसरलेलं दिसतं का?"

नात वळली नाही. "नाही. यात शिरा दिसतात." मग तिनं डबीतली अंगठी कोटाच्या टोकाला पुसली, आजीचं बोट हातात घेतलं आणि हळूहळू, सांध्यापाशी थांबत, चढवली. "सकाळपासून तू मला एकदाही हाक मारली नाहीस, आजी."

नाव तिनं सुचवलं नाही.

म्हातारी त्या काळ्या रेघांकडे बघत बसली. नाव आलं नाही... पण सकाळपासून पदराखाली झाकून धरलेलं काहीतरी कुणी अलगद काढून घेतल्यासारखं झालं, हात एकदम मोकळे वाटले.

"उद्धट आहेस," ती म्हणाली. "माझ्यावर गेलीस. मोरी बघतेस तर नीट बघ. आणि कुठं तुंबलेलं सापडलं, तर आधी मला सांगायचं – तुझ्या आईला मागाहून."