गप्प झालेलं यंत्र

नवापूरच्या समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. किरणनाथ महाराज माणसांच्या अंगातलं अणूचं विष उतरवत होते. शेजारी तारापूरचं अणुकेंद्र, त्यामुळे भीती गावात आयतीच होती. महाराजांना फक्त यंत्र आणावं लागलं.

डाव्या हातात किरणोत्सर्ग मोजणारं ते पिवळं यंत्र, मनगटावर गंडा बांधलेला उजवा हात आशीर्वादाला. तो हात माझ्या सुलूआत्याच्या गळ्यावरच्या गाठीपाशी आला, यंत्रही तिथेच आलं आणि कडकड वाजू लागलं.

"अल्फा, बीटा, गामा, सोडा हिच्या देहधामा," म्हणत महाराजांनी नारळ ओवाळला. यंत्र एकदम गप्प.

"उतरलं. आता ऑपरेशन कशाला?"

"सोमवारी मुंबईला नाय जात मी," आत्या मला म्हणाली.

माझ्या वडिलांसमोरही हे यंत्र असंच गप्प झालं होतं. त्यांनी औषधं थांबवली. त्यांचा चष्मा आता माझ्या पर्समध्ये असतो.

मी पुढे झाले. "महाराज, यंत्र जरा जमिनीपाशी धरा."

"धरलं. बघ, भूमीसुद्धा शुद्ध. एक टिक नाही, बेटी."

"मग ते बंद आहे. माती, दगड, आपली हाडं, सगळ्यांत थोडे अणू सतत फुटत असतात. चालू यंत्र इतकं गप्प बसत नाही."

गर्दीत मासळी विकणाऱ्या काशीबाई पुढेच होत्या; बाजारात त्यांच्याशी कोणी हुज्जत घालत नाही. त्यांनी यंत्र महाराजांच्या हातातून काढून मला दिलं. मी मागचं बटण सरकवलं. टिक. थोडा वेळ काही नाही. मग टिक, टिक.

महाराजांच्या उजव्या मनगटावरच्या जाड गंड्यापाशी नेलं, तर कडकड.

"ही माझ्या तपाची उष्णता."

काशीबाईंनी सुरीने गंडा उसवला. आतून पांढरी, कोरी जाळी निघाली.

"अगो, ही तर गॅसबत्तीची. आमच्या होडीवर असायची."

"जुन्या जाळ्यांत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असायचं," मी म्हणाले. "ते फुटत फुटत निम्मं व्हायला पृथ्वीच्या वयाच्या तिप्पट काळ लागतो. मंत्राने त्याला घाई होत नाही."

"म्हंजे विष यांच्याच हाताला हाय," काशीबाई म्हणाल्या. "बसा महाराज, नारळ हायच."

लोक हसले. आत्या हसली नाही. "आणि माझी गाठ?"

"आहे तिथेच आहे. या यंत्राने ती कधी पाहिलीच नव्हती."

आत्याने गळ्याला हात लावला. "सोमवारी किती वाजता निघायचं?"

यंत्र दिसलं की विज्ञान आलं, असं समजू नका. ते चालू आहे का आणि नेमकं काय मोजतंय, एवढं विचारा. विचारल्याने कुठलाही देव रागावत नाही. न विचारल्याने माणूस जातो.