साबणबाईंच्या समोरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला घडवलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "दणकट झालीस गं!" रुग्णालयाच्या दाराशी मी वर्षानुवर्षं काम केलं. दमलेले नातेवाईक माझ्यावर टेकायचे, 'हुश्श' म्हणायचे. मग मला वरच्या मजल्यावर नेलं. एकाचा आजार दुसऱ्याला लागू नये म्हणून झटणाऱ्या डॉक्टरांची ती खोली. तिथे माझे दिवस फिरले.

अहो, तिथे कुणी फिरकेचना! इथे बोलावणं म्हणजे कानउघाडणी, असा सगळ्यांचा समज. आधीचे डॉक्टर कंटाळून निघून गेले. जाहिराती दिल्या, पण माणूस मिळेना. खोलीला कुलूप लागलं आणि माझ्यावर धूळ साचली.

अखेर एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनी मला स्वच्छ पुसलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण दिसेल त्याला 'हात धुतले का?' म्हणून टोकायच्या, म्हणून बाहेर त्यांचं नाव पडलं 'साबणबाई'. त्या दिसल्या की लोक वाट बदलायचे. त्या एकट्याच जेवायच्या. एकदा फोनवर आईला म्हणाल्या, "काम अवघड नाही गं. कुणी बोलतच नाही, ते अवघड आहे. दुसरीकडून बोलावणं आलंय. जाईन म्हणते." म्हणजे पुन्हा कुलूप आणि पुन्हा धूळ!

दुसऱ्याच दिवशी मोठे सर्जन आले. माणूस भलताच तापट. आता भांडण जुंपणार, असं मला वाटलं. पण ते माझ्यावर मटकन बसले.

"डॉक्टर, माझ्या पेशंटच्या जखमा चिघळतायत. माझंच काहीतरी चुकतंय. उद्या ऑपरेशनला येऊन बघाल?"

"बघते. पण सांगेन ते ऐकावं लागेल."

"नाही ऐकलं तर पुन्हा इथेच आणून बसवा."

बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. दुसऱ्या दिवशी चूक सापडली. हात निर्जंतुक केल्यावर सर्जन नकळत त्याच हाताने चष्मा सावरायचे! त्यांनी ती सवय सोडली, आणि स्वतःची फजिती कँटीनमध्ये सगळ्यांना रंगवून सांगितली. मग एकेक जण माझ्यावर येऊन बसू लागला. शंका विचारू लागला, वादही घालू लागला. एक नर्सताई तर हेच काम शिकायला रुजू झाली.

परवा आईचा फोन आला. बाई म्हणाल्या, "नाही गं, जात नाही मी. इथे रोज कुणीतरी माझ्याशी भांडायला येतं."

मित्रांनो, तुमच्या भल्यासाठी कुणी सारखं टोकत असेल, तर त्या माणसाला टाळू नका. त्याच्यासमोर घडीभर बसा. आम्ही खुर्च्या बसायला जागा देतो हो, पण बोलायला माणूसच लागतं.