नदीपलीकडे गेलेली फौज आणि मी

मी एक जुना तरंगता पूल आहे. मित्रांनो, शाळेतून घरी जाताना तुम्ही ज्याच्या मधोमध थांबून उड्या मारता आणि तो डुलायला लागला की किंचाळता, तोच मी. परवा तुमच्यापैकी कुणीतरी विचारलं, "ह्याच्या मधल्या फळ्या नव्या आणि कडेच्या जुन्या, असं का?" प्रश्न चांगला आहे. उत्तर जरा लांबलचक आहे.

पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. होडीसारखे पोकळ लोखंडी डबे, त्यांच्यावर आडवे गज आणि गजांवर जाड फळ्या, एवढंच माझं शरीर. सगळं सुटं करून ट्रकवर लादता येतं आणि हव्या त्या नदीवर पुन्हा जोडता येतं. आमचे तपासनीस चांगले आडव्या अंगाचे गृहस्थ होते. प्रत्येक डबा पाण्यात सोडून ते स्वतः त्याच्यावर उभे राहत आणि म्हणत, "मला पेलतोय म्हणजे रणगाड्याची काळजी नको!" कामगार खो खो हसत. पण थेंबभर पाणी झिरपलं तरी तो डबा परत भट्टीकडे जाई.

पुढे बरीच वर्षं मी गोदामात पडून होतो. एकदा पुरात पक्का पूल वाहून गेला, तेव्हा माझी आठवण झाली. गुरं, भाजीच्या गाड्या, एक अडलेली बाळंतीण, सगळे माझ्यावरून सुखरूप पार झाले. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. पाणी ओसरल्यावर पुन्हा गोदाम आणि उंदीर.

मग लढाई आली. शेजारच्या देशाची फौज दक्षिणेकडून आपल्या मुलखात घुसली. आपलं सैन्य लहान. एक गाव राखावं तर दुसरं हातचं जाई. सगळे मेटाकुटीला आले होते. तेव्हा एक बेत ठरला. उत्तरेच्या सरहद्दीवर एक रुंद नदी होती आणि तिच्या पलीकडे शत्रूचा पहारा विरळ होता. तिथून आपणच त्याच्या घरात शिरायचं. म्हणजे त्याला दक्षिणेतली फौज काढून इकडे आणावी लागेल, आणि उद्या बोलणी झालीच तर आपल्याही हातात काहीतरी असेल. बेत वाईट नव्हता. फक्त त्याची सगळी मदार एका पुलावर होती, आणि तो पूल मी होतो.

माझी जबाबदारी एका कर्नलबाईंकडे होती. रणगाड्यांचा प्रमुख होता त्यांचाच धाकटा भाऊ. चारचौघांत ते एकमेकांना 'मॅडम' आणि 'मेजर' म्हणत. आसपास कोणी नसलं की 'ताई' आणि 'बाळ्या'. त्यांचे म्हातारे वडील दक्षिणेतल्या एका गावात एकटे राहत होते आणि काही केल्या घर सोडायला तयार नव्हते. ह्या मोहिमेसाठी राखीव पलटणी उचलल्या होत्या, त्याही नेमक्या त्याच भागातून. हे दोघांनाही ठाऊक होतं. विषय मात्र कोणीच काढत नव्हतं.

एका धुक्याच्या सकाळी मला जोडलं आणि रणगाडे माझ्यावरून धडधडत पलीकडे गेले. तिथले पहारेकरी म्हणजे नुकती भरती झालेली कोवळी पोरं. त्यांनी लगेच हात वर केले. पहिले काही दिवस नुसता जल्लोष होता. रेडिओवर गाणी वाजत होती, खचलेल्या लोकांना उभारी आली होती. ती उभारी खरी होती, मित्रांनो, आणि तिची गरजही होती.

पण रणगाडे जसजसे पुढे गेले, तसतसे डिझेलचे टँकर उशिरा परतू लागले. निम्मं डिझेल टँकरच रस्त्यात पिऊन टाकत. पुढच्या माणसाचा प्रत्येक घास आणि प्रत्येक गोळी माझ्याच पाठीवरून जात होती. दक्षिणेतली शत्रूची फौज मात्र जागची हलली नाही. शत्रूने स्वतःच्या देशाच्या आतल्या भागातून ताजी माणसं आणून आमच्यासमोर उभी केली.

एका दुपारी रुग्णवाहिकेतून पलीकडच्या गावातली एक आजी आली. भिंत कोसळून तिचा पाय मोडला होता. गाडीचं चाक पंक्चर झालं म्हणून ती माझ्या टोकाशी थांबली. कर्नलबाईंनी आजीला पाणी दिलं. दोन्ही काठांची बोली फारशी वेगळी नव्हती.

"एक सांगू का, बाई?" आजी म्हणाली. "ही लढाई आमच्या गावात कोणालाच नको होती. भरतीवाले आले की मी नातवाला माळ्यावर लपवायची. तुमचे रणगाडे चौकात आले, आणि तो आपणहून खाली उतरला. बंदूक मागायला गेला."

कर्नलबाईंनी रिकामा पेला परत घेतला. गाडी गेली तरी पेला त्यांच्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी सेनापती आले. जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. मेजरने त्यावर बोट ठेवलं. "हे रेल्वे जंक्शन घेतलं की त्यांची रसदच तुटते, सर. मग दक्षिण सोडावीच लागेल त्यांना. अजून एक धडक, बस."

"घेतलं समजा," कर्नलबाई म्हणाल्या. "धरून ठेवायला माणसं कुठून आणायची? दोन्ही बाजू उघड्या पडतात. मागे हा एकच पूल. सर, पलीकडे नदीजवळची टेकडी आहे, ती धरून बसू. तेवढीच आपल्याला झेपेल."

सेनापतींनी डोळे चोळले. "थांबलो तर म्हणतील, दम संपला. राजधानीतून रोज विचारतायत, पुढे कधी जाताय." त्यांनी नकाशाची घडी घातली. "जा, मेजर. पण जपून."

निघताना बहीण-भाऊ माझ्या फळ्यांवर क्षणभर उभे राहिले.

"बाळ्या, तू जंक्शनसाठी चाललायस की बाबांसाठी?"

"एकच आहे ते, ताई."

"नाही रे. तेच तर एक नाहीये."

तो रणगाड्यात शिरला.

आणि मग सगळं एकदमच अंगावर आलं. आधी बातमी आली की दक्षिणेतलं वडिलांचं गाव पडलं. तिथे धावून जाणाऱ्या पलटणी इकडे होत्या ना! मग शत्रूची विमानं आली आणि माझे मधले डबे फाटून तळाला गेले. माझी दोन्ही टोकं नदीत नुसती लोंबकळत राहिली. तिकडे मेजरची तुकडी जंक्शनच्या तोंडाशी अडकली. दोन्ही बाजूंना शत्रू आणि टाक्या कोरड्या.

पूल सांधायला पुरतील एवढे डबे उरले नव्हते. कर्नलबाईंनी मग उरलेल्यांतले काही एकमेकांना बांधून तराफा केला आणि दोर ओढत डिझेलची पिंपं पलीकडे पोचवली. तिथून ती कशीबशी पुढे गेली. संध्याकाळच्या आत वायरलेस खरखरला.

"डिझेल मिळालं. जंक्शन दिसतंय इथून. तिथवर पुरेल हे."

"आणि परत यायला?"

कर्नलबाईंनी वायरलेसचं बटण पुन्हा दाबलं.

"मेजर, परत यायला पुरेल का ते सांगा."

"नाही." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "ताई, बाबा तिकडे आहेत."

"माहीत आहे मला. पण तुझ्याबरोबर आहेत ती दुसऱ्यांची मुलं आहेत. परत फिर."

तो फिरला. कितीतरी रणगाडे वाटेतच जळून गेले. माणसं एकमेकांना धरून चालत नदीकाठी आली. तराफ्याच्या शेवटच्या खेपेला मेजर आला. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. तिने नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

नदीजवळची टेकडी तेवढी आपल्याकडे राहिली. पुढे बोलणी झाली, तेव्हा ती देऊन वडिलांचं गाव परत मिळालं. म्हणजे मोहीम अगदीच फुकट गेली असं म्हणता येणार नाही. पण टेकडीच्या पुढे जे गमावलं, त्याच्या बदल्यात काहीच मिळालं नाही. तिथून जे परतलेच नाहीत, त्यांची घरची माणसं आजही आहेत.

म्हातारे वडील हडकले होते, पण होते. मुलाला जवळ घेऊन ते म्हणाले, "अरे, मी दक्षिणेला बसलेलो. तू मला उत्तरेला कुठे शोधत होतास?" आधी तिघंही हसले. मग मेजरला हसू आवरेना, आणि बघता बघता त्याचं रडू कधी झालं ते कोणालाच कळलं नाही.

लढाईनंतर मला मधले डबे आणि फळ्या नव्या बसवल्या आणि तुमच्या ह्या छोट्या नदीवर आणून ठेवलं. आता माझे बोल्ट गंजलेत, एका डब्यात पाणी साचलंय आणि कोणी फिरकत नाही. मित्रांनो, घरी मोठ्या माणसांना सांगा, तो डबा उपसायला आणि बोल्टांना तेल घालायला. उड्या खुशाल मारा. फक्त माझ्यावरून कोणाला पलीकडे धाडाल, तर तो परतेपर्यंत मला धड ठेवा.