लांब कुणीतरी उडी मारली

१९८६ साली, थंडी सरता सरता, माझी पन्नाशीला टेकलेली ताई आमच्या जेवणाच्या टेबलावर पालथी पडून दोन्ही हातांनी हवा मागे ढकलत होती. आमचे हे बाजूला उभे राहून चहा पीत होते, कारण कपबशी ठेवायला जागाच उरली नव्हती.

"हं, आता उठा," हे म्हणाले.

ताईनं छातीखाली तळवे रोवले, पाय पोटाशी ओढले आणि एका झटक्यात ती टेबलावर उभी राहिली. गुडघे वाकलेले, हात पसरलेले. डोकं दिव्याला लागलं.

"छान. पण ताई, समुद्रात दिवा नसतो."

"समुद्रात जावईबुवाही नसतात," ताई म्हणाली. "तेवढंच सुख."

ताई बायकांच्या पोहण्याच्या तलावावर कामाला होती. कपडे बदलायच्या खोल्या धुवायच्या, पाण्यात औषध घालायचं आणि नव्या मुलींना पोहायला शिकवायचं. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळ्या तिला शिट्टीताई म्हणत. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नव्हतं. तलाव हाच तिचा संसार. तिचा एक नियम होता. पाणी पूर्ण थांबल्याशिवाय ती नव्या मुलीला पायरी उतरू द्यायची नाही. खोल टोकाला कुणी उडी मारली की उथळ टोकाच्या मुलींनी काठावर थांबायचं. ती हालचाल इकडपर्यंत यायची, भिंतीला लागायची, विरायची. मगच शिट्टी.

त्या हिवाळ्यात तिला भोवळ येऊ लागली. डॉक्टरांनी बरेच दिवस तपासून सांगितलं, कानाच्या आतल्या भागाचा आजार आहे, शरीराचा तोल तिथून सांभाळला जातो, तो हळूहळू जाणार. वर्षभर कदाचित नीट चालता येईल. पुढचं सांगता येत नाही.

दवाखान्याच्या बाहेर आल्यावर ती फुटपाथवर थांबली. मला वाटलं, रडेल.

"तलावावर पंपाच्या खोलीत ते कॅलेंडर आहे बघ," ती म्हणाली. "त्यावर एक बाई फळीवर उभी आहे, लाटेवर. मला ते एकदा करायचंय. तोल आहे तोवर."

"अगं, तू समुद्र तरी पाहिलायस का?"

"तू तरी कुठे पाहिलायस? दोघी मिळून बघू."

झालं. आमचं टेबल त्या दिवसापासून गेलं. हे कुरकुरायचे, पण टेबलाचा डुगडुगणारा पाय त्यांनीच ठोकून दिला. आमच्या बाजारात मासळीचा ट्रक यायचा, त्याच्या ड्रायव्हरला गाठून ताईनं सगळी चौकशी केली. कोळ्यांच्या गावात उतरायला खोली मिळते, तिथे एक जण फळीवर उभं राहायला शिकवतो, हे तिला त्यानंच सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, "समुद्र सगळ्यात शांत केव्हा असतो?" त्यानं सांगितलं, आणि तिनं तोच आठवडा रजेसाठी धरला.

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आम्हाला काय ठाऊक?

बसचा शेवटचा टप्पा संपला तेव्हा सकाळ होती. वाळत घातलेली जाळी, उलट्या करून ठेवलेल्या होड्या, माशांचा आणि डांबराचा वास. दोन घरांमधली बोळ संपली आणि समोर एकदम सगळं उघडं झालं.

मी पुष्कळ काही विसरले आहे, पण ते नाही. आभाळ खाली उतरून जिथे टेकलं होतं तिथपर्यंत पाणी. मध्ये काहीच नाही. आम्ही दोघी चपला हातात धरून उभ्या राहिलो. आयुष्यभर पाण्यात काढलेली माझी ताई, तिनं हलक्या आवाजात विचारलं, "पलीकडचा काठ?"

"दिसत नाही."

"हो ना," ती म्हणाली, आणि देवळात शिरावं तशी हळूच पुढे गेली. वाकून तिनं पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, तलावाचं पाणी रोज बघायची तसा.

पण ते पाणी ताणून अंथरलेल्या चादरीसारखं होतं. काठाशी जेमतेम चुळबुळ.

ज्या आजींनी आम्हाला खोली दिली होती, त्या मासळी विकायच्या. त्या पदराआड हसल्या. "लाटेवर उभं राहायचंय, आणि ह्या दिवसांत आलीस? बाई, ह्या दिवसांत लाट शोधायची म्हणजे बंद दुकानात भाव विचारायचा."

फळी शिकवणारा त्यांचाच जावई. एरवी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. तोही डोकं खाजवायला लागला. "मावशी, तुम्हाला हा आठवडा कुणी सांगितला?"

"मीच विचारला," ताई म्हणाली. "पाणी शांत असल्याशिवाय मी कुणाला आत सोडत नाही." आणि मग आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा उतरला, पण ती हसली. "जन्म गेला तलावात. दुसरं काय होणार माझं?"

रोज सकाळी जावई तिला फळीवर घेऊन सपाट पाण्यात फिरवायचा. ती हात मारायची, उठायची, उभी राहायची. टेबलावर राहायची तशीच. आजी काठावरून म्हणायच्या, "ह्यापेक्षा माझ्या पाटावर उभी राहा, भिजणार तरी नाहीस." आठवडा सरत आला. एका दुपारी ती वाळूवर चालता चालता आडवी झाली. डोळे मिटून, मुठीत वाळू घट्ट धरून. सगळं फिरायचं थांबेपर्यंत मी तिच्याशेजारी बसून राहिले.

"घरी जाऊ या का?" मी विचारलं.

"गाडी उद्या दुपारची आहे ना? मग उद्या दुपारी."

निघायच्या दिवशी उजाडताना तिनं मला हलवून उठवलं. "धाकटे, चल लवकर."

वारा अजिबात नव्हता. पाण्यावर सुरकुती नव्हती. पण नांगरलेल्या होड्या वर होत होत्या, खाली जात होत्या. अगदी सावकाश. ताई त्यांच्याकडे एकटक बघत होती.

"कुणीतरी उडी मारलीय," ती म्हणाली. "लांब. खोल टोकाला."

आजी टोपली घेऊन मागून आल्या. त्यांनी डोळे बारीक करून पाण्याकडे पाहिलं. "वादळ झालं असेल कुठंतरी," त्या म्हणाल्या. "तिथं विरलंसुद्धा असेल आता. त्याचं हे हलणं इथं पोचतंय." मग घराकडे तोंड करून त्यांनी जावयाला अशी हाक मारली की शेजारची कुत्री उठली.

कुठल्या तरी न पाहिलेल्या जागी, दोन-चार रात्रींपूर्वी, आकाश फाटलं होतं. आणि त्याचा धक्का माणसाचा मागमूसही नसलेलं एवढं पाणी ओलांडून, न थकता, ह्या बोळीच्या तोंडाशी येत होता.

पहिल्या लाटेनं ताईला फेकलं. दुसरीनं गुंडाळलं. नंतर मी मोजणंच सोडलं, फक्त तिचं डोकं वर आलं की श्वास घ्यायची.

"मावशी, पुरे," जावई ओरडला. "दम खा."

"मी पोरींना पुरे म्हणते तेव्हा ऐकतात का त्या?"

मग ती उठली. कॅलेंडरातल्या बाईसारखी मुळीच नाही. कंबरेत वाकलेली, जड बादली उचलताना माणूस वाकतं तशी, केस तोंडावर चिकटलेले. पण तिचे दोन्ही पाय फळीवर होते, फळी लाटेवर होती, आणि ते सगळं आमच्याकडे येत होतं. ती ओरडली नाही. समोर बघत राहिली. आजींनी डोक्यावरची टोपली उतरवून खाली ठेवली. फळी वाळूला घासली आणि ताई बसमधून उतरावं तशी उतरली.

मी धावत तिच्यापर्यंत गेले.

"एवढं मोठं आहे ते," ती म्हणाली. "आणि मला उचललं." मग हात पुढे केला. "धर. आता सगळं फिरतंय."

दुपारच्या गाडीनं आम्ही परत आलो.

आजी पुढल्या काही वर्षांत गेल्या. जावयानं ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला तेव्हा कळलं. मग तिथे बोटींसाठी मोठा धक्का बांधला, आणि तो जावई कुठल्याशा दुसऱ्या किनाऱ्यावर गेला. तलाव बुजवला, आता तिथे गाड्या उभ्या करतात. आमचे हे हृदयविकारानं गेले. शेवटपर्यंत पाहुण्यांना समुद्रातल्या दिव्याचा विनोद सांगायचे.

ताईचा तोल दीड-दोन वर्षांत गेला. नोकरी सोडून ती आमच्याकडे राहिली, ती अखेरपर्यंत. नव्या शेजाऱ्यांना ती सारखी पडणारी म्हातारी म्हणूनच माहीत. एकदा शेजारीण आली असताना मी तिला समुद्राचं सगळं सांगितलं. ती बिचारी सभ्यपणे हसली आणि ताईकडे बघू लागली. ताई मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"खरं आहे," एवढंच म्हणाली. मग सालांची ताटली उचलली आणि एका हातानं भिंत चाचपत, सालं टाकायला स्वतः उठून गेली.