वारुळाचा चढ

जैलोसी मांडवात तंबाखूची पानं निवडत बसला होता आणि त्याची बायको एनेलेस चुलीवर सुकी मासळी परतत होती. पाऊस सरून दोन आठवडे झाले होते, तरी सकाळची लाल माती पायाला अजून गार लागत होती. तांबूस पान एका जुडीत, फिक्कं दुसऱ्या जुडीत, भोकाचं तिसरीत, अशी बोटं आपलं काम करत होती. नाक मात्र चुलीकडं गेलं होतं.

"एनेलेस, ही मासळी कुठनं आणलीस गं? मेल्या उंदराची घाण येतीया."

एनेलेसच्या हातातला डाव तिथंच थांबला. "सव्वीस वर्सं ह्योच मासा, हीच चूल आन ह्येच हात. सव्वीस वर्सं बोटं चाटून खाल्लंसा. आता घाण येती व्हय?"

"येती त्येला मी काय करू? आली म्हून आली म्हनलं."

"मग माजा बी वास येत आसंल!"

इथं शहाण्या माणसानं गप्प बसावं. जैलोसीही चांगला शहाणा होता, नऊ आठवड्यांपूर्वीपर्यंत. आज त्याच्या तोंडून निघून गेलं, "येतो की थोडाथोडा."

एनेलेसनं मासळीचं भांडं चुलीवरून खाली आपटलं, कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड घट्ट खोचलं आणि ती तरातरा आपल्या मामाच्या, साकालाच्या घराकडं निघाली. बायको आईकडं गेली तर संध्याकाळी परत येते, पण मामाकडं गेली म्हणजे प्रकरण पेटलं. लग्नात बायकोच्या बाजूनं जो मामा उभा राहतो, पुढं त्याच्याच अंगणात नवऱ्याचा न्याय होतो. या मुलखात घर बायकोचं आणि शेतही बायकोच्याच गोताचं. गावातले सगळे नवरे घरजावई, त्यामुळं कुणी कुणाला हिणवायचा प्रश्न नव्हता. पण मामानं एकदा "जा" म्हटलं, की आपली कुदळ, आपली चटई आणि आपली सायकल घेऊन मुकाट आईच्या गावाला चालू लागायचं. जैलोसीची आई वारून अकरा वर्षं झाली होती. त्या गावात आता त्याला ओळखणारी दोन-तीन म्हातारी माणसं होती, आणि तीही नजरेनं अधू झालेली.

हे सगळं झालं होतं विडीपायी. म्हणजे विडी ओढल्यापायी नव्हे, सोडल्यापायी.

वयाच्या चौदाव्या वर्षापासून जैलोसी ओढत होता. आपल्याच शेताचं पान, हातावर चुरायचं, जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात वळायचं आणि थुंकी लावून चिकटवायचं. उठल्यावर एक, कुदळ उचलताना एक, कुदळ ठेवताना एक. आख्खं गाव तंबाखूवर जगत होतं, तिथं कोण कुणाला अडवणार? मग एक दिवस त्यानं अचानक सोडली. का सोडली ते कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्यातली बाई म्हणाली होती, "तीन आठवडे कळ काढ बाबा, मग सगळं ठीक होतंय."

जैलोसीनं तीन आठवडे कळ काढली. मग आणखी तीन काढली, आणि त्यावर आणखी तीन काढत होता. ठीक काही होईना. ओढत होता तेव्हा नव्हता एवढा खोकला आता येत होता, आणि कफ असा काळा की चुलीचं धुराडं झाडल्यासारखा. जिभेवर फोड आले. पोट चार-चार दिवस साफ होईना. डोळा लागे आणि कोंबड्याच्या आधीच उघडे. हातांचं तर काय करावं हेच त्याला समजत नव्हतं. बोलताना, बसताना, वाट बघताना ते नुसते मांडीवर पडून राहत, दुसऱ्याचे असावेत तसे. त्यात तीस वर्षं मेलेलं नाक जिवंत झालं होतं, आणि त्या नाकाला गावात एकही गोष्ट पसंत पडत नव्हती.

आणि या सगळ्यात दिवसभर काम कसलं, तर तंबाखू निवडायची! तो गोड, तिखट, ओलसर वास. पंधरा वेळा तरी त्याचा हात आपसूक पान चुरायला लागे, आणि पंधरा वेळा तो चुरा झटकून टाके.

दुपारी मामाच्या अंगणात, आंब्याखाली न्याय बसला. मामा खुर्चीवर, एनेलेस चटईवर, आणि जावई म्हणून जैलोसी खाली मातीत, पाय दुमडून. कुंपणाबाहेर आठ-दहा बायाबापड्या होत्या, त्यांना त्याच वेळी नेमकं तिथंच काम निघालं होतं. एनेलेसचा भाऊ लॅस्टन साक्षीदार म्हणून आला होता, पण चेहरा लग्नाला आल्यासारखा खुललेला.

"बोल पोरी," मामा म्हणाला.

एनेलेसनं मासळीपासून सुरुवात केली. कुंपणाबाहेर हशा पिकला. मग ती म्हणाली, "त्ये आसू द्या मामा. माजं बियान्याचं भुईमूग, येत्या पेरणीसाठी मडक्यात राखून ठिवल्यालं, निम्मं मडकं ह्येंनी खाऊन टाकलं!"

हशा थांबला. माणूस बायकोचं बियाणं खातो म्हणजे काय? घर जळालं तरी बाई आधी बियाण्याचं मडकं बाहेर काढते.

"खरं हाय का जावईबापू?"

"खरं हाय," जैलोसी मान खाली घालून म्हणाला. "तोंडाला सारखं कायतरी लागतंय मामा. मडकं जवळ हुतं. मला वाटलं चार दानं खाल्ली. हात घालून बघतो तर निम्मं सपलं हुतं."

"आन माजा बावो खेळायचा पाट!" लॅस्टन पुढं सरसावला. "डाव ऐन रंगात आला हुता. मी नुसतं म्हनलो, 'दाजी, लवकर खेळा.' तर पाट उचलून कोंबड्यांत भिरकावला. सगळ्या बिया कोंबड्यांनी गिळल्या."

"तीनच गिळल्या," जैलोसी म्हणाला.

"आन मामा, ह्यो मानूस रडतुया," एनेलेसचा आवाज जरा खाली आला. "परवा बकरीकडं बघून रडला."

"बकरी आजारी हुती?"

"न्हाई. चरत हुती."

मामानं सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं, दुकानातल्या सिगारेटचं, पाहुणे आले तरच निघणारं. एक सिगारेट काढून जैलोसीपुढं धरली.

"माजा निवाडा सोपा हाय. ह्यो मानूस वढत हुता तवर गरीब गाय हुता. आपुन तंबाखू पिकवतो, तंबाखूवर खातो, आन हा जावई तंबाखूलाच तोंड मुरडतोय. घ्ये. वढ. घरी जाऊन मासळी खा. न्हाईतर उद्या कुदळ उचल आन आईच्या गावाला लाग."

बायकोच्या मामानं दिलेली वस्तू नाकारता येत नाही. जैलोसीनं दोन्ही हात पुढं करून ती घेतली. नऊ आठवड्यांनी त्या हातांना काम मिळालं होतं, आणि बोटं कशी आपोआप जागच्या जागी बसली. ओठांत धरली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. एक झुरका घेतला की झोप येणार होती, पोट साफ होणार होतं, लॅस्टनसुद्धा चांगला वाटणार होता. कुदळ घरी राहणार होती आणि तोही.

मामानं स्वतः काडी ओढली. एवढा मान गावात कुठल्या जावयाला मिळाला नव्हता. काडी जवळ आली, आणि जैलोसीच्या छातीतून खोकला उसळला. काडी विझली.

मामानं दुसरी ओढली. पुन्हा खोकला, आणि या खेपेला सिगारेटही तोंडातून उडून मातीत पडली. कुंपणाबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. जैलोसीनं सिगारेट उचलली, धूळ झटकली, आणि ती हातात धरली तसं त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. आता मात्र त्याला थांबवेना.

"मामा, मी का सोडली त्ये सांगू का? वारुळाचा चढ ठावा हाय न्हवं? दवाखान्याच्या वाटंवरचा. पेरणी सपली आन हिला ताप भरला. मी सायकलीवर मागं बसवून न्येत हुतो. तिथं झऱ्याचं पानी मुरतंय, चिखुल असतोय, त्या जागी माजा दम सपला. डोळ्यापुढं काजवं चमकलं. मी खाली बसलो, आन ही तापानं फणफणलेली बाई उतरली आन सायकल ढकलत वरपतुर न्येली. वर जाऊन माजी वाट बगत उभी ऱ्हायली. बाजाराला निघाल्याल्या बायास्नी हसून म्हनली, 'माजं मालक मागनं येत्यात, त्येंला घाई न्हाई.'" त्यानं नाक पुसलं. "माजी लाज झाकली तिनं. तवा मला भ्या वाटलं, मामा. म्हनलं, हिला खरंच कायतरी झालं, रातीबेराती न्यावं लागलं, तर ही माज्या दमापायी वाटंतच मरंल. तिथंच इडी चिखलात दाबली. घरात सांगितलं न्हाई, कारन टिकंल का न्हाई त्ये मलाच म्हाईत नव्हतं. अजून बी म्हाईत न्हाई."

एनेलेस नखानं चटईचा काठ कुरतडत होती.

मामा हट्टाचा माणूस होता. "लई बेस बोललास," म्हणत त्यानं तिसरी काडी ओढली. "आता वढ."

काडी जैलोसीच्या तोंडापर्यंत आली, तोच एनेलेस गुडघ्यावर पुढं सरकली आणि तिनं फुंकर मारून ती विझवली.

"मामा, मी ह्येंच्या तोंडाची कागाळी आणली हुती," ती म्हणाली. "छातीची न्हवं."

मामाचा चेहरा तांबडा-काळा झाला. भाचीनं भर अंगणात त्याची काडी विझवली होती. निवाडा मागं घेतला तर मान जाणार आणि नाही घेतला तर भाची बोलायची नाही. म्हातारा हुशार होता. त्यानं काडीपेटी खिशात ठेवली.

"बरं. सोडल्यानं दम आला आसंल तर दावून दे. आत्ता हिला सायकलीवर बसीव आन वारुळाचा चढ चढ. कुटं बी पाय टेकलास, तर वर येऊन माज्यासमोर ही सिगारेट वढायची, न्हाईतर कुदळ उचलायची. चढलास, तर परत ह्या अंगणात ह्यो विषय न्हाई."

"आन बियानं?" एनेलेसनं विचारलं.

"बियानं तुजा भाऊ दील. त्येच्या बावोपायी लई वेळ गेला आपला."

लॅस्टनचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

सगळं गाव चढाच्या माथ्यावर, वारुळापाशी जाऊन उभं राहिलं. मामासाठी खुर्चीही नेली. जैलोसीनं चाकात हवा भरली, साखळीला तेल दिलं आणि खाली उभा राहून वर बघितलं. चढ होता त्यापेक्षा लांब झाल्यासारखा वाटला. एनेलेस मागं बसली, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, चपला हातात.

"तुमी भुईमूग खाऊन लई जड झालासा," ती म्हणाली.

"तू गप बस. माजं तोंड चांगलं न्हाई, तुला म्हाईत हाय."

निघाले. पहिला टप्पा जैलोसीनं सहज मारला. त्यालाच नवल वाटलं. हवा छातीत पार खालपर्यंत जात होती. बऱ्याच वर्षांनी त्याला मक्याच्या वाळल्या ताटांचा वास आला, ओल्या मातीचा आला, आणि पाठीमागून एनेलेसचा आला, धुराचा आणि साबणाचा. सकाळी आपण काय बोललो ते आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली. वरून पोरी टाळ्या पिटायला लागल्या.

मग तो झऱ्याचा चिखल आला. चाक रुतलं, मांड्या पेटल्या, आणि नेमका तिथंच खोकला उसळला. सायकल डोलली आणि जवळजवळ थांबलीच. जैलोसी पायडलावर उभा राहिला, सगळं वजन टाकलं, तरी पायडल खाली जाईना. वाटेच्या त्या खोलगट भागात वरच्या लोकांना नुसती दोघांची डोकी दिसत होती.

"चला धनी," एनेलेस हळूच म्हणाली.

आणि पायडल खाली गेलं. मग दुसरं गेलं. चाक चिखलातून सुटलं आणि सायकल चढाला लागली. जैलोसी खोकत, थुंकत, रडत आणि हसत वारुळापाशी पोचला. बायांनी जिभा हलवून असा गलका केला की मामाच्या खुर्चीखालचं कुत्रं पळालं. मामा उठला, त्यानं ती सिगारेट मागून घेतली, पाकिटात नीट घातली आणि म्हणाला, "जावईबापू, जेवायला कवा येताय?" लॅस्टनही पुढं येऊन पाठीवर थाप मारून गेला.

गर्दी पांगली. जैलोसी सायकल धरून धापा टाकत उभा होता. एनेलेस वारुळाला टेकून चपला घालत होती. त्याची नजर सहज तिच्या पायांकडं गेली. डावा पाय कोरडा, स्वच्छ होता. उजवा पाय घोट्यापर्यंत लाल चिखलानं भरला होता, आणि अंगठ्याच्या नखात चिखल गच्च बसला होता.

एनेलेसनं मान वर केली आणि त्याची नजर पकडली. चपला घालायचं सोडून ती तशीच थांबली.

जैलोसीच्या जिभेवर शब्द आला. नऊ आठवड्यांत आलेला एकही शब्द त्याला आवरता आला नव्हता. हा त्यानं गिळला.

"चल," तो म्हणाला, "भूक लागलीया. सकाळची मासळी हाय का अजून?"