उजव्या बाजूचे बोल्ट

आमच्या घरात पुरुषांना छंद लागतात आणि बायकांना त्यांच्यासाठी टॉर्च धरावा लागतो. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जुने रेडिओ उघडायचा छंद होता. तेव्हा आई टॉर्च धरायच्या. आता माझ्या नवऱ्याला, निहारला, पिकअप गाडीचा नाद लागलाय आणि टॉर्च माझ्याकडे आलाय.

फरिदाबादला सेक्टरातलं आमचं घर तसं ऐसपैस. पण ती गाडी पोर्चमध्ये लावली की तिचं नाक तेवढं आत मावतं, शेपूट फाटकाबाहेर. मुळात ती होती तशी पुरे होती की नाही? नाही. पुढच्या महिन्यात जैसलमेरकडे वाळूत गाड्यांची शर्यत आहे, निहारला त्यात उतरायचंय. म्हणून त्यानं सस्पेन्शनचं नवं किट मागवलं. चाकाला धरून ठेवणारे लांब आर्म, उंच स्प्रिंगा, धक्के झेलणारे जाडजूड शॉक. ते बसवलं की चाकाला वर-खाली जायला कितीतरी जास्त जागा मिळते आणि गाडीनं उडी मारली तरी ती नीट जमिनीवर येते, असं तो सांगतो. गाडीनं मुळात उडी का मारावी, असं विचारलं की तो पाना मागतो.

"गॅरेजमध्ये दे ना," मी म्हटलं.

"यार, स्वतःच्या हातानं बसवली की गाडी कळते."

झालं. सगळं नवरात्र पोर्चमध्ये ठोकाठोक. आत अखंड दिवा, बाहेर अखंड हातोडा. मी टॉर्च धरला, पाने हातात दिले, मोबाइलवर किटची माहिती वाचून दाखवली. त्यातून मला नको तेवढं कळलं. उदाहरणार्थ, आर्मच्या टोकाला रबर असतं, तिथले बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळायचे नसतात. नट नुसते हातानं चढवून ठेवायचे. गाडी खाली उतरून स्वतःच्या वजनानं चाकांवर उभी राहिली की मग ते शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर पिळलं जातं. आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर निहार पेनानं लाल ठिपका द्यायचा. ठिपका नाही म्हणजे बोल्ट झालेला नाही. ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याचा हा एवढा एक नियम पक्का होता.

मला ती गाडी आवडत नव्हती असं नाही. मला भीती वाटत होती. पण भीती वाटते म्हटलं की निहार समजूत घालायला बसतो, आणि त्यानं समजूत घातली की मला दुप्पट भीती वाटते. त्यापेक्षा मी कुरकुर करायची. आई तर कुरकुरही करायच्या नाहीत. स्वयंपाकघरातून पोर्चमध्ये यायच्या, गाडीखालून बाहेर आलेले मुलाचे पाय बघायच्या आणि परत जायच्या. दिवसातून किती फेऱ्या झाल्या ते त्यांचे गुडघेच सांगतील.

अष्टमीच्या संध्याकाळी गाडी जॅकवरून खाली आली. निहारनं डाव्या बाजूचे बोल्ट आवळले, ठिपके दिले, आणि तेवढ्यात बाबांचे दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधले जुने शेजारी मिठाई घेऊन आले. काम तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आईंनी घरातली सगळी हत्यारं गोळा केली, पुसली, तेल लावलं, पाटावर मांडून पूजा केली. विळी, कात्री, आणि शेजारी निहारचे पाने.

"आज एकाही हत्याराला हात लावायचा नाही," आईंनी बजावलं.

"आई, काही राहिलंय का एवढंच बघायचंय, फक्त दहा मिनिटं."

"बिल्कुल नाही."

निहार दिवसभर गाडीभोवती घिरट्या घालत राहिला. मीही घरभर उगाच फिरत होते. सुट्टीचा दिवस असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी बाबांनी कमाल केली. ती गाडी घरात आल्यापासून त्यांनी तिच्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं. "ट्रक आहे तो. मी काय सिमेंटचं पोतं आहे?" असं म्हणायचे. तेच बाबा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "चल, आज तुझ्या गाडीतून सीमोल्लंघन करू. अरवलीत मांगरकडे खरा आपटा मिळतो म्हणे. जन्मभर दिल्लीत कांचनाची पानं सोनं म्हणून वाटली, एकदा तरी खरं सोनं आणू."

निहारचा चेहरा असा काही उजळला की मलाही बरं वाटलं. तिथल्या कच्च्या रस्त्यावर गाडीची परीक्षाही होणार होती. त्यानं हत्यारांची पेटी गाडीत टाकली आणि मला हाक मारली.

"स्वरूपा, उजवीकडचे बघ ना, लाल झालेत का सगळे? परवा पाहुण्यांच्या गडबडीत कुठवर आलो होतो आठवत नाही."

मी रेशमी साडी सावरत वाकले, टॉर्च मारला. एक, दोन, सगळे लाल.

"आहेत."

"पक्का?"

"अरे, लाल आहेत म्हटलं ना!"

ते दोघं गेले. मी आत येऊन चक्का पुरणयंत्रातून काढायला घेतला. आई पुऱ्यांची कणीक मळत होत्या. खूप दिवसांनी त्या आपणहून बोलायला लागल्या.

"गाडीला कुंकू कधी लावलंस गं तू?"

"मी? कुठे?"

"त्या बोल्टांना. काल तुम्ही दुपारी आडवे झालात तेव्हा मी कुंकवाची बाटली घेऊन गेले. म्हटलं हत्यारांची पूजा झाली, गाडी का उपाशी ठेवा. खाली बघते तर डावीकडच्यांना आधीच लावलेलं. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, बोलत नाही पण हिच्याही मनात आहे. मग राहिलेल्या उजवीकडच्यांना मी लावलं. तू हळद लावली नव्हतीस, म्हणून मीही नाही लावली. सारखं दिसायला नको?"

पुरणयंत्राचा दांडा माझ्या हातात तसाच राहिला.

"आई," मी म्हटलं, "ते कुंकू नव्हतं."

 मी त्यांना सांगितलं. लाल म्हणजे आवळलेलं. उजवीकडचा एकही बोल्ट आवळलेला नाही. चाकाला धरून ठेवणारा आर्म नुसत्या हातानं फिरवलेल्या नटांवर आहे. आईंनी सगळं ऐकलं, कणकेचे हात पदराला पुसले, आणि फक्त एवढंच विचारलं, "चाक निघेल?"

"निघेल."

निहारचा फोन आवाक्याबाहेर. अरवलीत शिरलं की तिथे नेटवर्क नसतंच. बाबांचा बंद. बॅटरी वाचते म्हणून बाबा फोन बंद ठेवतात. कोणासाठी वाचवतात देव जाणे. मी लहान गाडीची किल्ली उचलली. आई चपला न घालताच माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मार्केटपाशी सगळा रस्ता तुंबलेला. पुढे एका टेम्पोत रावण आडवा, त्याची डोकी बाहेर लोंबतायत, आणि दोघंजण ती खालून धरून पायी चाललेत.

"भैया, साइड दो!" मी खिडकीतून ओरडले.

"मॅडम, रावण है, टेढ़ा हो जाएगा."

"होने दो टेढ़ा! शाम को जलाना ही है ना!"

तो हसला. मला त्याला टेम्पोखाली घालावंसं वाटलं. शेवटी मी दोन चाकं फुटपाथवर चढवून गाडी काढली. गुरुग्रामच्या रस्त्याला लागल्यावर मला राहवेना.

"एकदा विचारायचं तरी, आई! एकदा! गाडीला हात लावण्याआधी!"

"कोणाला विचारू?" त्या समोर बघत म्हणाल्या. "मी काही विचारलं की तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसता."

 हसत होतोच आम्ही.

"मला वाकता येत नाही," त्या पुढे म्हणाल्या, "म्हणून चटई टाकून आडवी झाले गाडीखाली. एकेकाला बोट लावलं आणि म्हटलं, याला सांभाळ रे बाबा. बोल्टालाच म्हटलं. दुसऱ्या कोणाला म्हणणार?"

माझा राग गेला नाही. पण तो कोणावर काढावा हेच मला समजेना. आईंनी कुंकू लावलं, खरं. पण टॉर्च मारून "आहेत" म्हणाले ती मी. पाना लावून बघायला कितीसा वेळ लागला असता? समोरून येणारी प्रत्येक मोठी गाडी मला त्यांचीच वाटत होती आणि जवळ आली की नसायची. वळणावर खाली दरीसारखा उतार दिसला की मी तिकडे बघायचं टाळत होते, आणि आई नेमक्या तिकडेच बघत होत्या.

मांगरचा फाटा आला. पुढे कच्चा रस्ता, दोन्हीकडे कीकरची काटेरी झाडं, धूळ. धुळीत रुंद चाकांच्या ताज्या खुणा होत्या. त्या खुणांवरून जाताना आपण हळू जावं की जोरात, हेही मला ठरवता येईना.

आणि ती दिसली. रस्त्याच्या कडेला, चारही चाकांवर उभी. दोन्ही दारं सताड उघडी, आत कोणी नाही.

"निहार!" आई इतक्या जोरात ओरडल्या की मी दचकले. मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"अगं, तू इथे कशी?" वरून बाबा आईंना म्हणाले. टेकाडावर एका झाडाखाली दोघं उभे होते. बाबांच्या हातात फांदी. "सरला, तूच सांग याला, हा आपटा आहे की नाही? हा म्हणतो, कांचन के पत्ते तो सेम ही हैं."

मी उत्तर द्यायला थांबले नाही. धुळीत तशीच साडीसकट आडवी झाले आणि उजव्या चाकामागे हात घातला. पहिला नट बोटांनी गोल फिरला. दुसऱ्या बोल्टावर नट नव्हताच. बोल्ट निम्मा बाहेर सरकला होता, टोकाला धुळीनं माखलेलं कुंकू.

निहार माझ्या शेजारी येऊन बसला. त्यानं बघितलं. त्याचा हात त्या बोल्टापर्यंत गेला आणि मागे आला. दोन पावलांवर रस्ता जुन्या खाणीच्या कडेनं खाली उतरत होता. तिथेच वेग घेऊन बघायचं त्याच्या मनात होतं, हे मला विचारावं लागलं नाही.

"मी मघापासून सांगतोय, उजवीकडून खटखट येतेय म्हणून," बाबा वरून उतरत म्हणाले. "आपट्यासाठी थांबवली, नाहीतर हा कुठला थांबतोय."

"मला वाटलं तुम्ही नेहमीसारखं गाडीला नावं..." निहारनं वाक्य सोडून दिलं. मग माझ्याकडे वळला. "तू बघितलं होतंस ना?"

सगळा रस्ता मी हेच वाक्य घोकत आले होते: तुझ्या आईनं कुंकू लावलं, मी काय करू? आता तोंडातून निघालं, "बघितलं. चुकले मी."

"ती नाही चुकली," आई म्हणाल्या. त्या अनवाणी धुळीत उभ्या होत्या. "कुंकू मी लावलं. तुझ्या खुणेसारखंच दिसलं ते."

निहारला समजायला जरा वेळ लागला. बाबांना आधी समजलं. ते हसायला लागले आणि हसता हसता गाडीच्या पायरीवर बसले, आणि मग त्यांचं हसणं थांबलं. हातातली फांदी त्यांनी मांडीवर आडवी ठेवली.

"पण आई, का?" निहार म्हणाला. "मेरा मतलब, बोल्टला कुंकू कोण लावतं?"

"तू त्या वाळूत जाऊ नयेस असं मला वाटतं म्हणून," आई म्हणाल्या. "हे तोंडानं म्हणता येत नव्हतं. आता म्हणते. जाऊ नकोस."

निहारनं माझ्याकडे बघितलं. मी आईंची समजूत घालीन अशी त्याची अपेक्षा असावी.

"मलाही तसंच वाटतं," मी म्हटलं. "मला भीती वाटते, निहार. पहिल्या दिवसापासून वाटते."

 या वेळी त्यानं समजूत घातली नाही. पेटी उघडली, जास्तीचा एक नट शोधला, बोल्ट आत ठोकून बसवला. मग लांब दांड्याचा पाना काढला. हवा तेवढा जोर पडला की हा पाना 'टक्' करतो. त्यानं तो नटावर लावला आणि तसाच थांबला. दोनदा पकड बदलली, पण ओढलं नाही.

"दे इकडे," आई म्हणाल्या.

"आई, तुला नाही जमणार, जोर लागतो."

"जन्मभर कणीक मळलीय मी."

मी आणि बाबांनी त्यांना धरून खाली बसवलं. गुडघा वाजला, त्यांनी लक्ष दिलं नाही. निहारनं त्यांचे दोन्ही हात दांड्यावर ठेवले. त्यांनी ओढलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. पाय गाडीच्या चाकाला टेकवून त्यांनी पुन्हा ओढलं, आणि टक् आवाज आला.

"झालं. आवाज आला की थांबायचं."

"ऐकू आला मला," आई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एकदा ओढलं. निहारनं त्यांना अडवलं नाही.

"आत्ता तर जाऊ नकोस म्हणालीस," तो हळूच म्हणाला.

"म्हणाले. आणि तू जाणार आहेस तेही मला कळतं," आईंनी कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "पुढचा कुठला, दाखव."